तांब्याचा लटकता दिवा घेण्याआधी

बडोद्यातले आमचे बरेच ग्राहक दुकानात येतात ते मोबाइलमधला एक फोटो घेऊन. गडद भिंत, लांब टेबल, वर तांब्याच्या तीन हंड्या आणि खाली मधासारखा उजेड. हंड्या आम्ही देतो. महिन्याभराने फोन येतो, ‘घरात अंधार वाटतो हो.’ तो फोन टळावा म्हणून हे पत्रक.

काचेच्या हंडीतून उजेड चहूकडे पसरतो. तांब्याच्या पत्र्यातून तो पार होत नाही, सगळा खाली पडतो. टेबलावरची ताटं झगमगतात आणि कपाटाजवळ उभा माणूस सावलीत राहतो. म्हणून तांब्याचा दिवा लावला तरी भिंतीवरची ट्यूब काढू नका, फक्त दोघांची बटणं वेगळी ठेवा. पाहुणे जेवायला बसले की ट्यूब बंद. मुलं गृहपाठाला बसली की दोन्ही चालू.

बल्बमध्ये तर हमखास चूक होते. तांबं निळसर उजेड गिळतं आणि तांबूस-पिवळा परत फेकतं. ६५०० केल्विनचा पांढराफेक बल्ब लावला की हंडी मळकट दिसते, आणि खरं सांगायचं तर वरणही. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन किंवा ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेला, ७ ते ९ वॅटचा एलईडी घ्या. डिमर हवा असेल तर डिमरवर चालणाराच बल्ब मागा, साधा लुकलुकतो. बल्ब हंडीच्या काठाखाली उतरता कामा नये, नाहीतर जेवणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. मठारलेली, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवलेली हंडी आतून सुरेख चमकते. आतून पांढरा रंग दिलेली उजेड जास्त देते, पण तांब्याची झाक कमी.

टेबलाच्या पृष्ठभागापासून हंडीचा काठ २८ ते ३२ इंचांवर ठेवा. जायच्या-यायच्या वाटेवर दिवा ७ फुटांच्या खाली नको. पंख्याच्या वाऱ्यात टांगाल तर दिवाही डोलेल आणि सावल्याही.

आता झोपाळा. संखेडा गावच्या लाखकामाचा असो की साध्या सागवानी पाटाचा, लोकांना नेमका त्याच्याच वर दिवा हवा असतो. तिथे नको. उठताना डोकं आपटतं, आणि झोका घेताना बल्ब डोळ्यांत येतो. झोपाळा पूर्ण झोक्यावर नेऊन जमिनीवर खडूने खूण करा, त्यापुढे दीड-दोन फूट सोडा आणि कोपऱ्यात एकच हंडी खाली सोडा. साखळ्या पितळी आहेत म्हणून दिवाही पितळीच हवा असं काही नाही. मात्र संखेड्याच्या लाल-सोनेरी नक्षीशेजारी हंडी साधी घ्या. दोन नक्षीकामं शेजारी आली की भांडतात. (हे आमचं मत. घरातल्या मोठ्यांचं वेगळं असेल तर आम्ही मध्ये पडत नाही.)

१ मिलिमीटर पत्र्याची, १२ इंच व्यासाची अर्धगोल हंडी साधारण सव्वा किलो भरते. ती पीओपीच्या छताला टांगू नका, वरच्या स्लॅबमध्ये हुक घ्या. दांडियाबाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत लाकडी तुळई असेल तर आटेवाला हुक थेट तीत बसतो, फक्त आधी ठोकून पाहा, वाळवीने पोखरलेली नाही ना. अशा घरांत पुष्कळदा वायरिंग दोनच तारांचं असतं. शेड धातूची, वायरचं आवरण घासलं गेलं तर २३० व्होल्ट सरळ शेडवर येतात. अर्थिंगची तिसरी, हिरवी तार ओढल्याशिवाय आमचा वायरमन दिवा जोडत नाही. यावर घासाघीस नाही.

तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड आणि ॲल्युमिनियमही ‘कॉपर’ म्हणून विकलं जातं. चुंबक चिकटलं तर आत लोखंड. नाही चिकटलं तर हातात धरून पाहा: तेवढ्याच मापाच्या आणि जाडीच्या ॲल्युमिनियमपेक्षा तांबं तिपटीहून जड लागतं. मुलामा वाईट नव्हे, स्वस्तही पडतो. तो तांब्याच्या भावाने घेऊ नका आणि घासू नका, इतकंच.

घासण्यावरून आठवलं. देवघरातल्या ताम्हनासारखं चिंच-मीठ लावायला आपला हात शिवशिवतो. लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक थर) मारलेल्या हंडीला चिंच, लिंबू, पितांबरी काहीही नको. मऊ कोरडं फडकं पुरे. बिनलॅकरची हंडी आधी गुलाबी, मग तपकिरी होत जाते, पावसाळ्यात जरा लवकरच, आणि घामट बोटांचे ठसे उमटतात. हा बदल आवडत असेल तर तिला तशीच राहू द्या. आवडत नसेल तर मेन स्विच बंद करून शेड उतरवा, चिंच-मिठाने घासा, धुऊन पूर्ण कोरडी करूनच परत लावा. ओट्याजवळच्या हंडीवर फोडणीचा तेलकट थर बसतो, ती दर आठवड्याला पुसा. गॅसच्या बरोबर वर टांगूच नका. ‘कल्हई लावून देता का?’ असंही विचारतात. कल्हई स्वयंपाकाच्या भांड्याला, आंबट पदार्थाला तांबं लागू नये म्हणून. दिव्याला तिचं काम नाही.

येताना छताची उंची, टेबलाची लांबी-रुंदी-उंची आणि पंख्याच्या पात्यापासूनचं अंतर मोजून आणा. झोपाळा असेल तर खडूच्या खुणेचंही. आणि फोटो आणाच, पण तुमच्या स्वतःच्या खोलीचा, रात्री दिवे लावून काढलेला.