आधी उन्हाची वही, मग खोल्यांची यादी

मुंबईत आणि आसपास स्वतःचं घर बांधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे पहिल्यांदा येणारी मंडळी बहुधा हातात एक कागद घेऊन येतात. हॉल, किचन, तीन बेडरूम, देवघर, जमलं तर आईसाठी खाली एक खोली. यादीत चूक काहीच नसते. पण तिच्यावरून प्लॅन काढायला बसलं की खोल्या डब्याला डबा लागावा तशा लागत जातात आणि ऊन, झाडं, शेजारी यांच्या वाट्याला उरलीसुरली जागा येते. मुंबईत उरतं किती? मुलुंड-चेंबूरचा जुना सोसायटीचा प्लॉट असो, गावठाणातलं आजोबांचं घर पाडून नवं उभारायचं असो की उत्तन-वसईकडे घेतलेला तुकडा असो, चारी बाजूंचं मार्जिन, म्हणजे नियमाने मोकळी ठेवायची जागा, सोडलं की हिशेब फुटांवर येतो. म्हणून आम्ही ती यादी घेतो, फाइलला लावतो आणि तुमच्या हातात एक शंभर पानी वही देतो.

वहीत काय लिहायचं

एखाद्या रविवारी प्लॉटवर खुर्ची टाकून बसा. सकाळी ८, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी ५ या वेळांना झाडाची, कंपाउंडची, शेजारच्या इमारतीची सावली कुठवर आली ते फक्कीने आखा आणि वहीत काढा. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. दिशेसाठी फोनमधलं होकायंत्र वापरत असाल तर लोखंडी गेटपासून आणि गाडीपासून लांब उभे राहा, नाहीतर उत्तर भलतीकडेच निघते.

साडेबारा का? आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आणि मुंबई तिच्या बरीच पश्चिमेला, ७३ अंशांच्या अलीकडे. त्यामुळे घड्याळात बारा वाजतात तेव्हा मुंबईचा सूर्य अजून माथ्यावर यायचा असतो. मे महिन्यात तो १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास येतो.

दुसरी गोष्ट शाळेत शिकलेली, पण घर बांधताना कुणाला आठवत नाही. मुंबई उत्तरेला १९ अंशांवर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. मेच्या मध्यावर तो थेट माथ्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. तेव्हा ‘उत्तरेला ऊन नाही’ हे गृहीत धरून उत्तरेची खिडकी छज्जाविना सोडू नका.

याचा अर्थ असाही की मे महिन्यात सगळ्यात जास्त तापतो तो स्लॅब. दुपारी दक्षिणेच्या भिंतीला जवळपास ऊनच लागत नाही. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे) हा जुना मुंबई रिवाज गळती रोखण्यासाठी आहे, पण पांढरेपणाने उष्णताही अडते. त्या पैशांत कपात करू नका. हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये करा.

पश्चिमेची खिडकी आणि आमची एक चूक

बरीच वर्षं झाली. पश्चिमेला छान बाग असलेला प्लॉट होता. आम्ही उत्साहाने हॉलला बागेकडे उघडणारी आठ फुटी काचेची स्लाइडिंग दिली, वर दोन फुटांचा छज्जा. वास्तुशांत फेब्रुवारीत झाली, सगळ्यांनी कौतुक केलं. मे महिन्यात सहज डोकावलो तर काचेवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली आणि आजी हॉल सोडून जिन्याखाली खुर्ची टाकून भाजी निवडत बसलेल्या. “इथे बरं वाटतं हो,” एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

हिशेब साधा होता, आम्ही केला नव्हता. मे महिन्यात संध्याकाळी ५ वाजता सूर्य जेमतेम २८ अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जा खिडकीच्या वरच्या फूटभर भागावर सावली धरतो, खालचं सगळं ऊन आत. तोच छज्जा दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला मार्च-सप्टेंबरच्या दुपारी पुरून उरतो. पश्चिमेला उभी आडोशाची सोय लागते. त्या घराला नंतर बाहेरून सागवानी जाफरी आणि तिच्यावर मधुमालती चढवली, खर्च आमचा. आता आम्ही पश्चिमेला जिना, बाथरूम, कपाटांची भिंत असं काहीतरी ठेवतो. खिडकी द्यायचीच तर अरुंद आणि उभी. दुपारनंतरचा समुद्राकडचा वारा त्याच बाजूने येतो, त्यामुळे ती सबंध बंद करणंही परवडत नाही.

पावसाची झडही त्याच अंगाला, पश्चिम-नैर्ऋत्येकडून. तिकडच्या भिंतीला बाहेरून प्लास्टर दोन हातांचं, खिडकीच्या पाटाला बाहेर उतार आणि खालून पागोळी तुटायला खाच, एवढं पाहिलं तरी आतली ओल बरीच थांबते.

बाग कुठे

‘बाग मागे करू’ असं सगळे म्हणतात. मागची बाजू उत्तरेला येत असेल तर जरा थांबा. दोन मजली, २४ फूट उंच घराची सावली डिसेंबरच्या दुपारी उत्तरेला २२ फूट पडते. तुमचा पट्टा १० फुटांचा असेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी तो अख्खा सावलीत. आणि मुंबईत मेथी, टोमॅटो, शेवंती यांचा हंगाम नेमका तोच. उत्तरेला नेचे, मनीप्लांट, ओल्या सावलीत खुलणारी पानं लावा. जास्वंद, कढीपत्ता, भाजीचे वाफे पूर्वेला किंवा दक्षिणेला हवेत, त्यासाठी घर दोन फूट सरकवावं लागलं तरी प्लॅनच्या वेळीच सरकवा.

प्लॉटवर जुना आंबा किंवा फणस असेल तर आम्ही घर त्याच्याभोवती बसवतो. भावनेचा भाग आहेच, शिवाय झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ चा कायदा आहे. पश्चिमेला असं झाड असणं म्हणजे फुकटची जाफरी. नवं लावताना गुलमोहोर घरालगत नको, पावसाळ्यात उन्मळतो. नारळ शेजाऱ्याच्या पार्किंगवर झुकेल असा नको, पुढची २० वर्षं संबंध टिकवायचेत.

शेजारी

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो. वहीत शेजाऱ्यांची पानं वेगळी ठेवा. त्यांचं किचन कुठे, बाथरूमचा डक्ट कुठे, एसीचा बाहेरचा भाग कुणाकडे फुंकतो, कपडे कुठे वाळतात, संध्याकाळी कोण कुठे बसतं. दोन भिंतींत दहा-बारा फूट असतील तर खिडकीसमोर खिडकी आली की दोन्ही घरं कायमचे पडदे लावून बसतात. म्हणजे दोघांचाही उजेड गेला. आम्ही शेजारच्या खिडक्यांची मापं घेऊन आपल्या खिडक्या तीन-चार फूट बाजूला सरकवतो, किंवा खालची कड पाच फुटांवर नेतो. उजेड येतो, नजर येत नाही. मात्र एक जागा मोकळी ठेवतो: मागच्या दाराशी, कमरेएवढ्या कंपाउंडची, जिथून वाटी इकडची तिकडे जाते. गावठाणात ही जागा नाही ठेवली तर लोक ती स्वतःच पाडून घेतात.

शेजारच्या जुन्या घराच्या खिडकीपुढे भिंत उठवण्याआधी आम्हाला सांगा. १८८२ च्या ईझमेंट कायद्यानुसार २० वर्षं अखंड, बिनतक्रार मिळालेल्या उजेडा-वाऱ्यावर हक्क तयार होऊ शकतो. भांडण कोर्टात गेलं तर तुमचं बांधकाम अडकेल. वकिलाचा सल्ला तिथे स्वस्त पडतो.

याची दुसरी बाजू मुंबईकराला सांगायला नको. आज शेजारी बैठी घरं आहेत, उद्या पुनर्विकासाचा बोर्ड लागेल. तुमच्या दक्षिणेला ७० फुटांची इमारत उभी राहिली तर डिसेंबरच्या दुपारी तिची सावली ६४ फूट उत्तरेला येईल, म्हणजे तुमच्या गच्चीवरून पलीकडे. म्हणून शेजाऱ्याच्या मोकळ्या जागेतून येणारा उजेड आम्ही बोनस धरतो, भरवसा ठेवत नाही. भरवशाचा उजेड दोनच ठिकाणचा. एक रस्त्याकडचा, कारण रस्ता कुणी बुजवत नाही. दुसरा आपल्याच प्लॉटमधला, म्हणजे सहा बाय आठचा का होईना, घराच्या पोटातला चौक. चौकासाठी बेडरूम फूटभर लहान होते यावर घराघरांत वाद होतो. आम्ही चौकाच्या बाजूने बोलतो, हे आधीच सांगून ठेवतो.

वास्तुशास्त्राबद्दल थोडं

विचारतात म्हणून. ईशान्येचं देवघर मुंबईत छान जमतं, सकाळचा कोवळा उजेड मिळतो. आग्नेयेचं किचनही, कारण वारा फोडणीचा वास घराबाहेर नेतो. नैर्ऋत्येची मोठी बेडरूम मात्र दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही अंगावर घेते. ती हवीच असेल तर भिंत जाड, बाहेरून गॅलरी आणि झाड यांची तयारी ठेवा.

वाळवण

प्लॅनवर कधीच न दिसणारी गोष्ट: जुलैत कपडे कुठे वाळणार? आम्ही पूर्वेला, झडीपासून लपलेली, दोन्ही टोकांना उघडी अशी पाच फुटी पडवी काढतो. दोरी तिथे, वॉशिंग मशीनही तिथेच. मे महिन्यात तीच जागा पापड-कुरडयांना कमी पडते, तेव्हा गच्ची.

पहिल्या भेटीला काय आणायचं

प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेचा नकाशा, असल्यास जुना मंजूर प्लॅन, आणि वही. मुंबई महापालिकेच्या हद्दीत विकास आराखडा २०३४ ची नियमावली लागते, वसई-विरारकडे राज्याची एकत्रित नियमावली, त्यामुळे मार्जिन आणि एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते) आम्ही कागद पाहूनच सांगतो, फोनवर सांगत नाही. खाडी-समुद्राजवळचा प्लॉट असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचं, आधी पाहावं लागतं. प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, किती उंच हवा, यासाठी २६ जुलै २००५ ला तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून वहीत लिहा.

नंतर साइटवर भेटू. वेळ दुपारी साडेबाराची, टोपी आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या.