रानकेळ घरी नेताय? आधी हे वाचा

डिसेंबर उजाडला की आमच्या नर्सरीत एखादी तरी कुंडी परत येते. गेल्या हिवाळ्यात मुलुंडच्या एक काकू चौथ्या मजल्यावरून कुंडी उतरवून रिक्षात घालून घेऊन आल्या. "पैसे नकोत हो, पण झाड गेलं," म्हणाल्या. पानं वाळून लोंबत होती. आम्ही वरची माती बोटांनी बाजूला सारली, तर आत नारळाएवढा कंद, अंगठ्याने दाबला तरी दबेना. झाड झोपलं होतं. जूनमध्ये त्याच कंदातून हिरवी सुरळी वर आली.

रानकेळ म्हणजे आपल्या सह्याद्रीतली कवदर. काही भागांत तिला चवेणीही म्हणतात. पावसाळ्यात माळशेजला, माथेरानला कातळाच्या कपारीतून रुंद पोपटी पानं बाहेर झुकलेली दिसतात, ती हीच. शास्त्रीय नाव एन्सेट सुपर्बम. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने तिला खायच्या केळीच्याच गटात धरलं होतं. पुढे १९४७ मध्ये चीझमन या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने एन्सेट हा जुना वेगळा गट पुन्हा मांडला आणि तिला त्यात घातलं. फरक बघताच कळतो: बुंधा खाली घागरीसारखा फुगलेला आणि वर निमुळता. शिवाय तिला मुनवे, म्हणजे बुंध्याशेजारून येणारी पिल्लं, फुटत नाहीत. वसईची राजेळी केळ व्याली की शेजारचा मुनवा तिची जागा घेतो. रानकेळ मात्र बरीच वर्षं वाढते, एकदाच फुलते, बिया पिकवते आणि कंदासकट संपते. तिच्या फळात गर नावाला, बाकी सगळ्या बियाच. घरची केळी खायची असतील तर ही नेऊ नका.

मुनवे नाहीत, म्हणजे वंश चालतो तो फक्त बियांवर. फुलण्याआधी डोंगरातून उपटलेलं झाड मागे काहीच ठेवत नाही. म्हणून आम्ही डोंगरातले कंद विकत घेत नाही, बियांपासूनच रोपं करतो. कृपा करून ट्रेकला गेल्यावर तुम्हीही उपटून आणू नका.

बी नेलं असेल तर घाई करू नका. वाटाण्याहून थोडं मोठं, काळपट, एका बाजूला खळगा असलेलं हे बी फार कठीण कवचाचं असतं. फोडलं तर आत पांढरंशुभ्र पीठ दिसतं. कोमट पाण्यात दोन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. मग बोटाच्या एका पेराएवढं खोल पेरा, माती ओलसर ठेवा आणि कुंडी उबेच्या जागी असू द्या. काही बिया महिन्याभरात उगवतात, काही चार-सहा महिने घेतात. उगवलं नाही म्हणून माती उकरून पाहू नका. बहुतेकांचं बी तिथेच वाया जातं.

रोपासाठी लाल माती, शेणखत आणि जाड रेती किंवा विटांचे तुकडे असं मिश्रण करा. कड्यावरच्या झाडाला पाणी साचलेलं चालत नाही. मुंबईच्या पावसात भोकं बुजलेली कुंडी म्हणजे कुजलेला कंद, हे आम्ही दरवर्षी पाहतो. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढूनच टाका, डासही होणार नाहीत. कुंडी जितकी रुंद तितका बुंधा छान फुगतो. गच्ची किंवा सोसायटीचं आवार उत्तम, खिडकीच्या ग्रीलमध्ये मात्र दोन वर्षांत जागा पुरेनाशी होते. अर्धा दिवस ऊन हवं. समुद्राच्या वाऱ्याने पानं चिरतात, त्याने झाडाला काही होत नाही.

पाऊस संपला की पाणी हळूहळू कमी करा. पानं पिवळी पडली की पूर्ण थांबवा आणि कुंडी आडोशाला ठेवा. मे महिन्यात कंद दाबून पाहा. टणक असेल तर पहिल्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवा. मऊ लागला, वास आला, तर फोटो काढून आम्हाला दाखवा.

बिया मूतखड्यावर चालतात का, असं बरेच जण विचारतात. आम्ही त्या फक्त लावायला देतो, औषधाचं डॉक्टरांना विचारा.

आणि कधी तुमच्या रानकेळीला तो तपकिरी-लाल, केळफुलासारखा लोंबता फुलोरा आला, तर फळं झाडावरच पिकू द्या. बिया धुऊन सावलीत सुकवा आणि मूठभर आमच्याकडे आणा. बदल्यात नवं रोप घेऊन जा.