नवा कंपायलर म्हटलं की पोटात गोळा का येतो

अंधेरीला एमआयडीसीत आमच्या ऑफिसात सर्व्हर अपग्रेडचा विषय निघाला की सीनियर मंडळी कटिंग हातात धरून एकच बोलतात, चालतंय ना, मग कशाला हात लावतोस. मला आधी वाटायचं आळस आहे. मग ३० जून २०२४ ला सर्व्हरवरच्या सेंटओएस ७ या लिनक्सचा सपोर्ट संपला, त्याच्याबरोबर आलेला जीसीसी ४.८ हा कंपायलर (कोडचा मशिनला चालेल असा प्रोग्राम बनवणारा) पण सोडायची वेळ आली, आणि तेव्हा कळलं की या लोकांना खरंच चटके बसलेत.

आमच्यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात कॉलेजच्या लॅबमधल्या निळ्या स्क्रीनच्या टर्बो सी प्लस प्लसवर. व्हॉइड मेन, क्लिअरस्क्रीन, शेवटी गेटसीएच. तो कंपायलर १९९८ च्या सी प्लस प्लस स्टँडर्डच्याही आधीचा, त्यात इंट, म्हणजे पूर्णांक, दोन बाइटचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे गेलात की आकडा थेट मायनसमध्ये. त्या काळच्या आयओस्ट्रीम डॉट एच वगैरे जुन्या हेडर फाइली (फंक्शनं आधी जाहीर करणाऱ्या) जीसीसीने ४.३ मध्ये, २००८ ला, काढूनच टाकल्या.

पण खरा धसका एबीआयचा. एबीआय म्हणजे ऑब्जेक्ट फाइलमध्ये, कंपायलरमधून निघालेल्या तुकड्यात, फंक्शनची नावं कशी लिहायची, क्लास मेमरीत कसा मांडायचा, असले करार. ते जुळले नाहीत तर असे तुकडे जोडणारा लिंकर बोंबलतो, आणि नशीब वाईट असेल तर लिंक होऊन जातं आणि रात्री प्रॉडक्शन, म्हणजे खरी चालू सिस्टीम, पडतं. २००० साली रेड हॅट लिनक्स ७ मध्ये जीसीसी "२.९६" दिला होता, जीसीसीवाल्यांनी सरळ सांगितलं की असं व्हर्जन आम्ही काढलेलंच नाही! त्याच्यावर बनवलेला सी प्लस प्लसचा माल ना मागच्या २.९५ शी जुळायचा ना पुढच्या ३.० शी, आणि कर्नलसाठी, लिनक्सच्या गाभ्यासाठी, तर केजीसीसी नावाचा वेगळा जुना कंपायलर सोबत द्यावा लागला. मग २००१ ला ३.० आला नवा एबीआय घेऊन, २००२ ला ३.२ मध्ये परत बदल.

आम्हाला चटका बसला तो २०१५ च्या जीसीसी ५ चा. एका व्हेंडरची लायब्ररी आहे, सोर्स नाही, नुसती तयार बिल्ड केलेली डॉट एसओ फाइल. नव्या मशिनवर बिल्ड केलं तर अनडिफाइन्ड रेफरन्स. फंक्शन हेडरमध्ये आहे, एनएम (फाइलमधली नावं दाखवणारी कमांड) मारलं तर लायब्ररीतही दिसतंय, तरी लिंकर म्हणतो नाही. दुपारभर डोकं खाजवल्यावर दोन्हीकडची नावं उलगडून एकाखाली एक ठेवली, तर आमच्या स्ट्रिंगच्या नावात मध्येच "सीएक्सएक्स११" आणि त्यांच्यात नाही. बस्स, एवढंच. जुनी स्ट्रिंग कॉपी केली तरी आतला बफर सामायिक ठेवायची, सी प्लस प्लस ११ च्या नियमांत ते बसेना, म्हणून जीसीसीने नवी स्ट्रिंग आणली पण जुनीही ठेवली. त्यासाठीचा मॅक्रो, बिल्ड करताना द्यायची एक सेटिंग, शून्य केला की जुनी मिळते. पण मग स्ट्रिंगची देवाणघेवाण करणारी प्रत्येक सी प्लस प्लस लायब्ररी तशीच बिल्ड करायला लागते, म्हणजे सिस्टीमच्या तयार लायब्रऱ्या बाद.

ऑप्टिमायझरची, म्हणजे कोड वेगवान करणाऱ्या कंपायलरच्या भागाची, गोष्ट वेगळी, तिथे चूक बहुतेक वेळा आपली. २००९ ला लिनक्सच्या टन (TUN) नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॉइंटर (मेमरीचा पत्ता) आधी वापरला होता आणि नल, म्हणजे रिकामा, आहे का ते नंतर बघितलं होतं, जीसीसी म्हणाला वापरलाय म्हणजे नल नसणारच, आणि तो चेकच उडवला. झालं, सिक्युरिटी होल. कर्नलवाल्यांनी मग असे चेक उडवू नकोस असा फ्लॅगच लावून टाकला. त्या मानाने २०२४ च्या जीसीसी १४ चं मला कौतुक वाटतं, सी कोडमध्ये आधी न सांगितलेलं फंक्शन वापरलं की आता वॉर्निंग नाही, थेट एरर. कंपायलर त्याचं उत्तर इंट समजून बसायचा आणि ६४ बिटचा पॉइंटर अर्धा कापला जायचा, त्यापेक्षा आधीच ओरडलेलं बरं.

आमच्याकडे अजून कोंडी तीच आहे. व्हेंडरला नव्या बिल्डसाठी मेल टाकलाय, तोवर मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) तो मॅक्रो शून्य आहे आणि त्याच्यावर कॉमेंट, विचारल्याशिवाय काढू नये.