‘एथिक्सला मराठीत शब्दच नाही’ म्हणे!

परवा पुन्हा तो फॉरवर्ड आला, ‘एथिक्सला आपल्या भाषेत मूळ शब्दच नाही, म्हणून ती कल्पनाच आपल्याकडे बाहेरून आली’. कित्येक वर्षं फिरतोय हा. अरे बाबांनो, इंग्रजांकडे तरी तो कुठे घरचा आहे? ग्रीक ‘एथोस’ म्हणजे सवय, स्वभाव, त्यावरून आलाय तो, आणि ‘मॉरल’ तर लॅटिन, रोमचा वक्ता आणि विचारवंत सिसेरो याने इ.स.पू. ४४ च्या सुमारास ग्रीक शब्दाला जोड म्हणून ‘मोरालिस’ बनवला, त्याच्याही मुळाशी रीतच. म्हणजे त्यांनीही उसनंच घेतलं, मग तेव्हा रोमन लोक बेइमान होते का?

आपली ‘नीती’ संस्कृत ‘नी’ धातूवरून, म्हणजे नेणं, वाट दाखवणं. ‘इमान’ अरबी, तिकडे अर्थ श्रद्धा, आपल्याकडे येऊन सचोटी झाला. भाषा असंच करतात, शब्द घेतात आणि आपल्या कामाला लावतात.

आणि शब्दच हवा असेल तर मालवणात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढताना तिथे उभे राहा. जाळं वर आलं की वाळूवरच वाटे पडतात, दोरीला हात लावलेल्या पोराच्या पिशवीतही चार बांगडे जातात, आणि कोणी वाटा मारला तर म्हातारे एवढंच म्हणतात, ‘ह्या बरा नाय’. तिथे एथिक्स वगैरे कोणी बोलत नाही (मी एकदा बोललो, सगळे हसले), पण त्या पोराच्या वाट्याला हात लावून बघा कोणीतरी.