गिअर जड पडतोय म्हणजे क्लच प्लेट गेली? थांबा जरा

गिअर अडकायला लागला की "प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" हे वर्षानुवर्षं ऐकतोय आपण, आणि लोक खरंच हजारो रुपये घालून मोकळे होतात. पण प्लेट झिजली की गिअर सहसा नीटच पडतात, क्लच स्लिप व्हायला लागतो. म्हणजे खंबाटकी घाट चढताना तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, आरपीएमचा काटा वर जातो पण गाडी काही पळत नाही, आणि जळका वास येतो. तो प्लेटचा आजार.

गिअर जड, रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज, हा बहुतेक वेळा पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नसल्याचा प्रकार. घरीच बघा, इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा, मग चालू करून. बंद असताना लोण्यासारखे पडले आणि चालू असताना अडले तर आधी केबल बघायची, ताणली असेल तर ॲडजस्ट होते. हायड्रॉलिक क्लच (केबलऐवजी ऑईलच्या दाबावर चालणारा) असेल तर ऑईलची लेव्हल बघा, बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचचं ऑईल एकाच डब्यात असतं. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडतोय? मग ऑईलच्या लाईनमध्ये हवा शिरलीय किंवा क्लचचा सिलेंडर गळतोय (एक वर पेडलपाशी असतो, एक खाली गिअरबॉक्सपाशी). पेडलच्या मुळाशी बोट फिरवा, ओलं लागलं तर गळती तिथेच सापडली.

कधीकधी प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) किंवा क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचाही दोष निघतो, नाही असं नाही, पण ते हे सगळं तपासून झाल्यावर. माझ्या गाडीला एका गॅरेजने अख्खा क्लच सेट सांगितला होता, निघाला फक्त खालचा सिलेंडर, म्हणून कळकळीने सांगतोय.