वाचलेलं पुस्तक पुढे सोडताना
(आमच्या बाइंडिंगच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांसाठी)

घर आवरताना निघालेली पुस्तकं किलोच्या भावाने रद्दीत जातात, ते आम्हाला बघवत नाही. त्यातल्या कितीतरी पुस्तकांची शिवण अजून घट्ट असते. ती अनोळखी वाचकाच्या हाती पडावीत आणि कुठवर पोचली हे तुम्हालाही कळावं, म्हणून आम्ही बुकक्रॉसिंग या वेबसाइटवर त्यांची नोंदणी करून देतो. रॉन हॉर्नबेकर यांनी २००१ साली अमेरिकेत हे सुरू केलं. नोंद झाली की पुस्तकाला स्वतःचा क्रमांक मिळतो; मग ते लोकांच्या येण्याजाण्याच्या जागी ठेवून द्यायचं. ज्याला ते सापडेल त्याने वेबसाइटवर तो क्रमांक टाकायचा आणि कुठे मिळालं, कसं वाटलं, एवढं लिहायचं. त्याला सभासद व्हावं लागत नाही, पैसेही पडत नाहीत. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या आणि 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पुस्तकपेट्या वाचकांपर्यंत धाडणाऱ्या नाशकाला हे परकं वाटायचं कारण नाही.

सगळी मदार हा क्रमांक लिहिलेल्या लेबलवर असते. कृपा करून सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते, सुटते आणि कागदावर चिकट डाग ठेवून जाते. आम्ही मोरचूद घातलेल्या खळीने लेबल आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवतो, म्हणजे कसर लागत नाही. कव्हरवर ठळक मराठीत लिहितो : 'हे पुस्तक कुणी विसरलेलं नाही. घ्या, वाचा, पुढे द्या.' एवढं नसेल तर प्रामाणिक माणूस पुस्तकाला हातच लावत नाही, किंवा उचलून गल्ल्यावर जमा करतो. क्रमांक मात्र इंग्रजी आकड्यांत लिहितो, कारण वेबसाइटवर तसाच टाकावा लागतो.

ठेवायला गंगापूर रोडवरचं एखादं चहाचं दुकान, दवाखान्यातली बाकं, सोसायटीचं ऑफिस चांगलं; मालकाला विचारून. नाशिकरोड स्टेशन आणि बसस्टँड टाळा. बेवारस वस्तू दिसली की पोलिसांची धावपळ होते. मिसळीच्या टेबलावर तर नकोच, तर्रीचा डाग पानावरून निघत नाही. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

ग्रंथालयाचा शिक्का असलेलं पुस्तक आम्ही घेत नाही. ज्यात तुमचा जीव अडकलाय तेही आणू नका, कारण बऱ्याच पुस्तकांची खबर परत येत नाही. माणूस वाचतो, नोंद करायची राहून जाते. तरीही ते वाचलं जातंय, यातच आम्हाला समाधान आहे.

लेबल आणि नोंदणी मोफत. शिवण उसवली असेल तर बाइंडिंगचा खर्च आधी सांगू. येताना रोजच्या वापरातला ई-मेल लिहून आणा. कुणी नोंद केली की निरोप थेट तुम्हालाच येईल.