दोनशे ग्रॅमचं अंतर

माझा भाचा फौजदार आहे. एका रविवारी सकाळचा फायरिंगचा सराव आटपून तो थेट आमच्याकडे तर्री-पोहे खायला आला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी लाल झाली होती. ती चोळत म्हणाला, "मामा, दोन्ही पिस्तुलं नऊ एमएमच ना? राउंडही एकाच पेटीतले. मंग हाताले एवढा फरक काहून लागते?"

मी आयुष्यभर पदविकेच्या पोरांना यंत्रशास्त्र शिकवलं. असा प्रश्न ताटात पडल्यावर पोहे गार होणारच.

दोन पिस्तुलांपैकी एक म्हणजे आपलं जुनं '१ए'. नागपुरात हत्यार म्हटलं की लोकांना अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरीच आठवते, पण अंबाझरीचं काम तोफगोळ्यांचं. हे पिस्तूल बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं. ते मूळ ब्राउनिंग हाय-पॉवर घराण्यातलं. जॉन ब्राउनिंगने आराखडा सुरू केला, १९२६ साली तो वारला, बेल्जियमच्या द्यूदोने सेव्हने काम तडीस नेलं आणि १९३५ मध्ये पिस्तूल बाजारात आलं. दुसरं ग्लॉक १७, ऑस्ट्रियाचं, १९८२ च्या सुमाराचं. मधे जवळपास अर्धं शतक, तरी मापं पाहिली तर जुळी भावंडं वाटावीत. एकाची नळी ११८ मिलिमीटर, दुसऱ्याची ११४. काडतूस तर दोघांचंही नऊ मिलिमीटर जाडीच्या गोळीचं, १९०२ सालचं, जर्मनीच्या गेओर्ग लुगरचं.

फरक आहे तो वजनात. १ए अंगभर पोलादाचं, रिकामं सुमारे ९०० ग्रॅम. ग्लॉकची स्लाइड (नळीवरचं मागेपुढे सरकणारं कवच) आणि नळी पोलादाची, पण खालची मूठ आणि सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे चिवट प्लास्टिकचा, म्हणून रिकाम्या मॅगझिनसह (मुठीत बसणारी काडतुसांची डबी) ते ७०० ग्रॅमच्या आसपास भरतं. अंतर दोनशे ग्रॅमचं, म्हणजे दीड-दोन संत्र्यांएवढं.

आता हिशेब करू. गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटर. तिचा संवेग, म्हणजे किलोतलं वजन गुणिले वेग, २.८ एकक. गोळी जेवढा संवेग पुढे नेते तेवढाच पिस्तुलाला मागे मिळतो, त्यात घासाघीस चालत नाही. (जळालेल्या दारूचा वायूही थोडी भर घालतो, पण तो दोघांनाही सारखाच, म्हणून सोडून देऊ.) ७०० ग्रॅमचं पिस्तूल मागे येतं सेकंदाला ४ मीटरने, ९०० ग्रॅमचं ३.१ मीटरने. हाताला जिरवावी लागते ती ऊर्जा, आणि ती निघते हलक्यात ५.६ ज्यूल, जडात ४.४. सव्वापटीहून थोडा जास्तच फरक. भाच्याची बेचकी खोटं बोलत नव्हती.

पण खरी गंमत मॅगझिनमध्ये आहे. नऊ एमएमचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं. ग्लॉकमध्ये १७ बसतात, म्हणजे दोनशे ग्रॅम. थोडक्यात, भरलेलं ग्लॉक आणि रिकामं १ए तराजूत जवळजवळ बरोबरीला येतात! ग्लॉकची पहिली गोळी मारताना भाच्याच्या हातात जे वजन असतं, तेवढंच वजन १एची शेवटची गोळी मारताना असतं. पुढे गोळीमागे गोळी ग्लॉक हलकं होत जातं, आणि झटका वाढत जातो. शिवाय कमी होणारं वजन मुठीतलं, खालचं. वर पोलादी स्लाइड तेवढीच राहते, त्यामुळे शेवटी शेवटी पिस्तूल डोकं जड झाल्यासारखं लागतं. "शेवटचे राउंड वर जातात" ही त्याची तक्रार इथून निघत असावी. थकवाही असेल, पण तो कबूल करणाऱ्यातला नाही.

नळी वर का उडते, हे बोरिंगच्या हापशावरून कळतं. दांडा जेवढा लांब तेवढा जोर कमी लागतो. पिस्तुलात नळीची रेष हाताच्या वर असते, झटका त्या रेषेतून मागे येतो आणि मनगट ही खीळ होते. नळी आणि बेचकी यांच्यातलं उभं अंतर म्हणजे हापशाचा दांडा. ग्लॉकमध्ये हे अंतर कमी ठेवलं आहे, म्हणून हलकं असूनही ते वाटतं तेवढं उसळत नाही. पॉलिमर झटका 'पितं' असंही लोक सांगतात. ते किंचित वाकतं हे खरं, पण संवेग पिऊन टाकायला जागा नसते. तो सगळा हातातच येतो, फार तर जरा सावकाश.

आत काय घडतं ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. दोन्ही पिस्तुलांत नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकांत अडकलेल्या असतात आणि मिळून मागे सरकतात. गोळी नळीत असते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिसेकंद. स्लाइड आणि नळी मिळून अर्धा किलो धरली, तर तेवढ्या वेळात ती दोन मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. गोळी बाहेर पडून दाब उतरल्यावरच नळीची मागची बाजू खाली झुकते, कुलूप सुटतं, स्लाइड एकटी मागे जाते, रिकामं टरफल फेकते आणि येताना नवं काडतूस घेऊन येते. हे झुकत्या नळीचं कुलूप ब्राउनिंगचं. ग्लॉकने तेच ठेवून घडण सोपी केली: नळीची चौकोनी पाठ स्लाइडच्या खिडकीत अडकते, बस.

परवानाधारक नागरिकाला मात्र आपल्याकडे नऊ एमएम मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर. त्याच्या वाट्याला .३२ इंच बोअरचं पिस्तूल येतं, भारतीय बनावटीच्या 'अशनी'सारखं. त्या काडतुसाचा संवेग निम्म्याच्या आसपास, म्हणून तिथे कुलूप लागतच नाही. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर भागतं.

आता नेम. माशी, म्हणजे पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरची नेम धरायची खूण, एक मिलिमीटर बाजूला गेली तर २५ मीटरवर गोळी किती सरकेल? ग्लॉकची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर १६५ मिलिमीटर, म्हणून उत्तर सुमारे १५ सेंटिमीटर. २५ मीटरच्या स्पर्धेतल्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५ सेंटिमीटर व्यासाचं असतं. त्यात राहायचं तर माशीला मुभा फक्त एक षष्ठांश मिलिमीटरची, जेमतेम दोन केसांच्या जाडीएवढी. एवढ्याशा जागेत बोट चाप ओढतं. ग्लॉकचा चाप दर वेळी साधारण अडीच किलोचा जोर मागतो, आणि हत्यार स्वतः किलोभराचंही नाही. स्वतःच्या वजनाच्या तिप्पट जोराने दाबलेली वस्तू हलणार नाही तर काय!

माझी मुलगी कॉलेजात एअर पिस्तूल खेळायची. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर रुपयाचं नाणं ठेवून ती चाप ओढायची. नाणं पडता कामा नये. तिच्या चापाला नियमाने किमान ५०० ग्रॅमचा जोर पुरे, तरी मी करून पाहिलं तेव्हा दहांत सात वेळा नाणं फरशीवर. खेळाडूंचं हत्यार हा सगळा हिशेब उलटा लावून घडवलेलं असतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं. त्या प्रकारात गोळी .२२ ची, अडीच ग्रॅमची, आणि पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत चालतं. झटका पाव ज्यूलच्या घरात. पण ते पिस्तूल कमरेला लावून फिरून दाखवा.

कमरेचा प्रश्न वेगळाच. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. घामातलं मीठ पोलादाचा शत्रू, म्हणून १ए रोज पुसावं, तेल लावावं लागतं. ग्लॉकच्या पोलादावर नायट्रोजनची प्रक्रिया केलेली असते, ते बरंच सोसतं. उन्हात तापलेल्या काडतुसातली दारूही थोडी वेगाने जळते. आणि १एचा घोडा (मागची हातोडी) चढवलेला नसेल तर नुसता चाप ओढून गोळी सुटत नाही, आधी घोडा चढवावा लागतो. ग्लॉकला बाहेर घोडाच नाही.

मला विचाराल तर रेंजवर १ए बरं. जड, शांत, घोडा चढवला की चाप छोटा. मी भाच्याला म्हटलं, "दोनशे ग्रॅमसाठी एवढी कुरकुर? कमरेलाही तेच लाव." त्याने उरलेली तर्री पोह्यांवर ओतली.

"मामा, मारबतीच्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताले एक दिवस इतवारीत उभे राहा. सकाळी सहापासून. मंग संध्याकाळी मी तुमाले ग्रॅम इचारतो."